वडवणीच्या दुकानात बॅकअपचे पैसे कशासाठी मोजायचे?

केंद्रीय जीएसटी नियमावलीतला 57 वा नियम व्यापाऱ्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो. ज्याच्या नोंदी संगणकावर आहेत त्याने त्यांचा बॅकअप अशा रीतीने ठेवावा, की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत माहिती पुन्हा उभी करता येईल, असे हा नियम सांगतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या 36 व्या कलमानुसार हिशेब आणि नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपाव्या लागतात. बीड-परळी रस्त्यावरच्या वडवणीत खते-बियाण्यांचे दुकान चालवणारा नोंदणीकृत व्यापारीही यातून सुटत नाही. पण दंडाच्या भीतीपेक्षा या नियमाची मांडणीच मला जास्त मोलाची वाटते. प्रत काढून ठेवा, एवढ्यावर तो थांबत नाही. त्या प्रतीवरून काम पुन्हा उभे राहिले पाहिजे, आणि तेही वेळेत, अशी त्याची अपेक्षा आहे. डिस्क क्लोनिंगच्या आणि बॅकअपच्या सॉफ्टवेअरला पैसे द्यावेत की मोफतवर भागवावे, हे ठरवताना हीच कसोटी लावावी, असे माझे म्हणणे आहे.

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावात संगणकावर नेमके काय असते ते आधी पाहू, कारण सगळ्यांची जोखीम सारखी नाही. आपले सरकार सेवा केंद्राचा संगणक बंद पडला तर चालकाचे दोन दिवस वाया जातात, पण सातबारा किंवा दाखला बुडत नाही. ती माहिती सरकारी सर्व्हरवर असते. कृषी सेवा केंद्राचे तसे नाही. मृगाच्या पेरणीपासून कापूस विकला जाईपर्यंत शेतकऱ्यांना दिलेल्या उधारीची नोंद बहुधा त्या एकाच संगणकातल्या टॅलीत असते. ती गेली तर कुणाकडे किती राहिले हे आठवणीवर आणि चिठ्ठ्यांवर येते, आणि तिथे पैशाबरोबर संबंधही तुटतात. फोटो स्टुडिओवाल्याकडे लग्नाचे फोटो असतात. ते गेले तर भरपाई कशाने करणार? छपाईची कामे घेणाऱ्या डीटीपीवाल्याकडे पत्रिकांचे, फलकांचे, शाळांच्या प्रश्नपत्रिकांचे शेकडो जुने मजकूर असतात, आणि त्यावरच दर हंगामाचे काम भराभर उरकते. या तिघांना एकच सल्ला देणारा माणूस त्यांतल्या दोघांना तरी चुकीचा सल्ला देतो.

मुळात तीन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट बॅकअप म्हणतो, आणि पैशांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. क्लोन म्हणजे एका डिस्कची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवलेली प्रत: विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग, फायली सगळे त्यात आले. जुनी काढून नवी लावली की संगणक होता तसा चालू होतो. इमेज म्हणजे तीच संपूर्ण डिस्क, पण एका मोठ्या फाइलमध्ये दाबून ठेवलेली. ती थेट चालत नाही, आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवावी लागते. तिसरा प्रकार निव्वळ फायलींच्या प्रतीचा. त्यात टॅलीचा डेटा, फोटो, पत्रे एवढेच घेतले जाते, आणि चांगली पद्धत असेल तर कालची, परवाची, मागच्या महिन्याची अशा आवृत्त्या वेगवेगळ्या राहतात. क्लोनमध्ये हा काळाचा पदर नसतो. सोमवारी एका खात्यातल्या नोंदी चुकून पुसल्या गेल्या आणि मंगळवारी क्लोन घेतला, तर ती चूकही इमानाने उतरते. म्हणून क्लोनला बॅकअप समजणे धोक्याचे आहे. क्लोन हे संगणक हलवण्याचे साधन आहे.

हलवण्याची गरज सध्या फार आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. अनेक जुने संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. जे बसतात त्यांनाही हळू चालणारी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली जाते. या कामाला क्लोनिंग लागते, आणि ते एका संगणकाला बहुधा एकदाच लागते. अशा एकवेळच्या कामासाठी वर्षाची वर्गणी भरण्याचे कारण मला दिसत नाही. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात तयार झालेले क्लोनझिला पूर्ण मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. त्याचा काळा पडदा आणि इंग्रजी प्रश्न ज्याला जड जातात त्याच्यासाठी त्याच जातीचे, माऊसने चालणारे रेस्क्यूझिला आहे. शिवाय सॅमसंगसारख्या कंपन्या आपल्या एसएसडीच्या ग्राहकांना क्लोनिंगचे सॉफ्टवेअर वेगळे पैसे न घेता देतात. डिस्क विकत घेतली, म्हणजे त्याचे पैसे भरलेच आहेत. गावातल्या संगणक दुरुस्तीवाल्याला हे माहीत असते. ग्राहकाने विचारायचे एवढेच, की क्लोननंतर जुनी डिस्क लगेच पुसणार आहात का. ती निदान महिनाभर तशीच बाजूला ठेवावी.

बॅकअपचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तो रोजचा आहे. डिस्क किती वेळा मरते, याची सर्वांत उघड आकडेवारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी प्रसिद्ध करते. तिच्या केंद्रांतल्या तीन लाख हार्डडिस्कपैकी 2024 मध्ये 1.57 टक्के निकामी झाल्या. त्याआधीच्या वर्षी हे प्रमाण 1.70 टक्के होते. दर कमी वाटतो, पण पाच वर्षे असाच धरला तर शंभरातल्या सात-आठ डिस्क जातात. त्या डिस्क तर थंड खोलीत, स्थिर विजेवर चालतात. मराठवाड्यातल्या मे महिन्याचे ऊन, लाइटचे येणे-जाणे, कमीजास्त दाब आणि कापसाच्या हंगामातली धूळ यांचा हिशेब त्या आकड्यात नाही. हार्डडिस्क निदान खरखर करून इशारा देते. एसएसडी बरेचदा एका सकाळी गप्पच राहते. तरीही मोठ्या घटना पाहिल्या तर माहिती जाण्याचे सर्वांत भयंकर कारण डिस्क नाही, हे दिसते.

27 जून 2017 रोजी नवी मुंबईतल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम अचानक थांबले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे. नॉटपेट्या नावाचा संगणकीय विषाणू त्या दिवशी जगभर पसरला, आणि तो शिरला होता युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. सॉफ्टवेअर अधिकृत, अपडेटही अधिकृत मार्गाने आलेले. मर्स्कला पुढे सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले; नुकसान कंपनीनेच 25 ते 30 कोटी डॉलरच्या घरात सांगितले. कंपनीकडे बॅकअप नव्हते असे नाही. बहुतेक सर्व्हरच्या काही दिवस जुन्या प्रती होत्या. पण कोण कुठल्या संगणकात शिरू शकतो हे ठरवणारे जे मुख्य सर्व्हर, त्यांची वेगळी प्रतच नव्हती. ते जगभर विखुरलेले आणि सतत एकमेकांशी जुळवून घेणारे असल्याने एक गेला तरी बाकीचे आहेत, असा भरवसा होता. विषाणूने ते सगळेच पुसले. वाचला तो एकच, घाना देशातला, कारण हल्ल्याआधी तिथली लाइट गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. तिथून इंटरनेटने माहिती पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते, म्हणून डिस्क माणसाच्या हाती दिली गेली आणि नायजेरियात हातबदल होऊन ती विमानाने इंग्लंडला पोचली. लाइट गेल्याने वाचलेली ती एक डिस्क बॅकअपच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त शिकवते. जी प्रत जोडलेली नव्हती तीच उरली.

महाराष्ट्रातच आणखी जवळचा पुरावा आहे. 21 मार्च 2021 च्या पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या, संगणकांवर खंडणीखोर, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या, विषाणूचा हल्ला झाला आणि राज्यभरातल्या कार्यालयांचे ऑनलाइन काम अडले. नामांकित कंपनीचे परवानाधारक अँटिव्हायरस तिथे होते. तरी हल्ला झाला. महामंडळाने नंतर दिलेल्या निवेदनात दिलासा एकाच गोष्टीचा होता: वेगवेगळ्या सर्व्हरचे बॅकअप नेटवर्कच्या निराळ्या भागात ठेवलेले होते आणि त्यांना लागण झाली नव्हती. पुढच्या वर्षी, 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरची सुमारे 1.3 टेराबाइट माहिती अशीच कुलूपबंद झाली आणि रुग्णांचे केसपेपर कित्येक दिवस हाताने लिहावे लागले. तिथेही लागण न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून माहिती परत आणल्याचे सरकारने संसदेत सांगितले. या तिन्ही ठिकाणी निर्णायक ठरले ते प्रतीचे मूळ संगणकापासूनचे अंतर. बॅकअपचे सॉफ्टवेअर महाग होते की स्वस्त, हा मुद्दा कुठेच आडवा आला नाही. माझ्या मताचा पाया हाच आहे: दुकानदाराने खिशातला पहिला रुपया सॉफ्टवेअरवर खर्चू नये. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या डिस्कवर खर्चावा.

यावर पहिली हरकत अशी येते, की मोफत वस्तूचा भरवसा काय? फुकटच्याला मालक नसतो, उद्या बिघडले तर कुणाला धरणार? हरकत पूर्ण पोकळ नाही. मॅक्रियम रिफ्लेक्ट या क्लोनिंग-बॅकअपच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षे लाखोंच्या वापरात होती. 1 जानेवारी 2024 पासून कंपनीने तिचा आधार काढून घेतला. काही कंपन्यांच्या मोफत आवृत्तीत फायलींची डिस्क क्लोन होते, पण विंडोजच्या डिस्कपाशी आले की पैसे मागितले जातात. पण याला व्यापारी सॉफ्टवेअरचा मोफत नमुना म्हणायचे. क्लोनझिलासारखे खुले सॉफ्टवेअर किंवा विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अजून असलेले बॅकअपचे जुने साधन, ही गोष्ट निराळी. आणि पैसे भरल्याने भरवसा आपोआप येतो, हेही खरे नाही. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरून संशोधकांची 77 टेराबाइट माहिती पुसली गेली, आणि ती पुसली बॅकअपच्याच प्रोग्रॅमने. यंत्रणा पुरवणाऱ्या बड्या कंपनीने त्यात केलेला बदल सदोष होता आणि कंपनीने ते मान्य केले. जानेवारी 2017 मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळले की बॅकअपच्या पाच व्यवस्थांपैकी एकही नीट चालत नव्हती. योगायोगाने काढून ठेवलेली सहा तासांपूर्वीची एक प्रत कामी आली. बॅकअप चालू आहे असे पडद्यावर दिसणे आणि तो परत उतरवता येणे, यांत एवढे अंतर असू शकते. हे अंतर मोजायचा मार्ग एकच, आणि त्याला पैसे लागत नाहीत: महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करून कालची खातेवही उघडते का, ते पाहणे.

दुसरी हरकत गुगल ड्राइव्हची. सगळे ढगात आहे, मग डिस्क कशाला? पण सतत जुळवून घेणारे फोल्डर आणि बॅकअप यांत तोच फरक आहे जो मर्स्कला भोवला. दुकानातल्या संगणकावर फाइल पुसली गेली किंवा कुलूपबंद झाली, की जुळवणारे फोल्डर तो बदलही वर चढवते. जुनी आवृत्ती मिळते, पण मर्यादित काळापुरती. छोट्या हिशेबासाठी तरी ढग उत्तम आहे. टॅलीच्या बॅकअपची फाइल लहान असते. ती रोज ठरावीक नावाने वर चढवली, तर मोफतच्या 15 जीबीत कित्येक महिने बसते आणि दुकानाला आग लागली तरी राहते. फोटो स्टुडिओला मात्र हा मार्ग परवडत नाही. लग्नसराईच्या एका आठवड्याचे फोटो आणि व्हिडिओ 500 जीबी झाले आणि वर चढवण्याचा वेग सेकंदाला 10 मेगाबिट मिळाला, तर रात्रंदिवस चालू ठेवूनही साडेचार दिवस लागतात. अशा ठिकाणी पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला 3-2-1 चा नियम कामाचा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक वास्तूबाहेर. तो नियम फोटोग्राफरांच्या गरजेतूनच आला आहे. वडवणीत वास्तूबाहेर म्हणजे रात्री घरी नेलेली डिस्क. दोन डिस्क घ्याव्यात, एक दुकानात आणि एक घरी, आणि दर आठवड्याला त्यांची अदलाबदल करावी. प्रत उतरून झाली की डिस्कची वायर काढायचीच. जोडून ठेवलेली डिस्क विषाणूच्या दृष्टीने त्याच संगणकाचा भाग असते.

मग पैसे कधीच देऊ नयेत का? काही ठिकाणी निश्चित द्यावेत, आणि तिथे कंजुषी महागात पडते. डीटीपीवाल्याचे उदाहरण घ्या. पाने जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची 7.0 ही आवृत्ती 2001 सालची. तरी महाराष्ट्रातल्या छपाईच्या दुकानांत ती अजून दिसते, कारण जुने काम तिच्यात आहे. सोबत श्रीलिपीचे जुने फाँट, त्यांचा लॉक, कोरलची ठरावीक आवृत्ती, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर. हा संच पुन्हा बसवायचा तर सीडी हरवलेली असते, ज्याने बसवून दिले तो पुण्याला गेलेला असतो. इथे फायली वाचल्या तरी काम थांबते. अशा दुकानाला संपूर्ण डिस्कची इमेज हवीच, ती नियमित हवी, आणि दुकानदार पत्रिका जुळवण्यात गुंतलेला असताना ती आपोआप निघाली पाहिजे. क्लोनझिला इथे अपुरे पडते, कारण त्यासाठी दर वेळी संगणक बंद करून पेनड्राइव्हवरून सुरू करावा लागतो. ऐन लग्नसराईत हे कुणी करत नाही. संगणक चालू असताना इमेज काढणारे, फक्त बदललेला भाग उतरवणारे आणि चूक झाली तर कळवणारे सॉफ्टवेअर विकत घेणे तिथे शहाणपणाचे आहे. सात-आठ संगणकांच्या पतसंस्थेला किंवा खाजगी रुग्णालयाला तर मी पैसे भराच म्हणेन, कारण तिथे एका दिवसाचे काम बंद राहण्याची किंमत वर्षाच्या वर्गणीहून मोठी आहे आणि लोकांचा पैसा किंवा उपचार त्यावर अवलंबून आहे. हिशेब सोपा आहे: बंद राहिलेल्या एका दिवसात दुकानाचे किती जाते, मोफत साधनाने उभे राहायला किती दिवस लागतील आणि विकतच्या साधनाने किती. त्या दिवसांच्या फरकाला एका दिवसाच्या नुकसानीने गुणून ती रक्कम वर्गणीशी ताडून पाहावी. माणूस रोज हाताने प्रत काढत नाही, हे स्वतःबद्दल ठाऊक असेल तर आपोआप चालणाऱ्या साधनाचे पैसे हा त्या सवयीचा खर्च समजावा. मात्र वीमसारख्या कंपनीची एका संगणकापुरती मोफत आवृत्तीही ठरल्या वेळी आपोआप चालते, हे आधी पडताळावे.

एक मार्ग मात्र पूर्ण वर्ज्य आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास वापरला जातो: महागाचे सॉफ्टवेअर क्रॅक करून घेणे. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाने ओळखली जाणारी खंडणीखोर विषाणूंची जात मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरली. तिने घरगुती संगणक आणि छोटी दुकानेच जास्त गाठली. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला तर संगणकातली प्रत्येक फाइल वाचण्याचा आणि बदलण्याचा अधिकार द्यावा लागतो. तो अधिकार अनोळखी माणसाने फोडलेल्या प्रोग्रॅमच्या हाती देणे म्हणजे संरक्षणाच्या नावाने दार उघडणे. खिशात पैसे नसतील तर चांगले मोफत साधन आहे; चोरीचे घेण्याची वेळच येत नाही.

पैसे भरायचे ठरलेच तर भरण्याआधी विक्रेत्याकडून काही गोष्टी समोर करून घ्याव्यात. संगणक सुरूच होत नसेल तेव्हा वापरायचा रेस्क्यू पेनड्राइव्ह त्याच दिवशी बनवून, त्यावरून संगणक सुरू करून पाहावा. विंडोज 11 असलेल्या नव्या संगणकांवर डिस्क बरेचदा बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद झालेली असते. तिची रिकव्हरी की छापून दुकानाबाहेर ठेवावी, नाहीतर मदरबोर्ड जळाल्यावर धडधाकट डिस्कही वाचता येणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे विचारावे ते वर्गणीबद्दल. पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर जुनी इमेज उघडेल का, तीवरून रिस्टोअर होईल का? बहुतेक कंपन्यांच्या इमेजचा साचा त्यांचा स्वतःचा असतो आणि तो त्यांच्याच सॉफ्टवेअरने उघडतो. याचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही तर ते सॉफ्टवेअर संगणक झटकन उभा करण्यापुरते वापरावे. टॅलीचा बॅकअप, लग्नांचे फोटो आणि पत्रिकांच्या फायली मात्र वेगळ्या डिस्कवर साध्या कॉपीनेच ठेवाव्यात, वर्ष आणि महिना लिहिलेल्या फोल्डरमध्ये.